मिशा गळालेला राजमासा

पुण्या-मुंबईच्या हॉटेलात 'फिश टिक्का' किंवा 'फिश फिंगर' मागवलं आणि पुढ्यात पांढराशुभ्र, बिनकाट्याचा, मऊ तुकडा आला, तर तो बहुतेक वेळा 'बासा' असतो. सुरमई-बांगड्यावर वाढलेल्या माणसाला तो मासा म्हणवत नाही. ओळखीतल्या एक काकू म्हणतात, "यापेक्षा पनीर बरं, निदान ते मासा असल्याचं सोंग तरी करत नाही." मला मात्र बासा दिसला की त्याचा भाऊ आठवतो. या गोत्रात जगभरात दोनच जाती आहेत. एक हा आपल्या ताटात येणारा. दुसरा, गोड्या पाण्यात वाढणाऱ्या जगातल्या सगळ्यात अवाढव्य माशांपैकी एक. पहिला जिकडेतिकडे मिळतो. दुसऱ्यातला एखादा जाळ्यात सापडला तर त्याची जगभर बातमी होते.

या दुसऱ्याला थायलंडमध्ये 'पला बुक' म्हणतात. पला म्हणजे मासा, बुक म्हणजे दांडगा, अवाढव्य. कंबोडियात त्याला 'त्रेय रीच' म्हणतात. त्रेय म्हणजे मासा, आणि रीच हा आपलाच 'राज'; संस्कृतातून ख्मेर भाषेत गेला आणि उच्चार बदलून तिथेच राहिला. म्हणजे राजमासा. शास्त्रीय नाव पँगॅसियानोडॉन गिगास. राहतो फक्त मेकाँग नदीत आणि तिला मिळणाऱ्या पाण्यात. जगात दुसरीकडे कुठेही तो मूळचा नाही.

आकाराचं सांगतो. २००५ च्या मे महिन्यात उत्तर थायलंडच्या चियांग खोंग भागात, हाट क्राय नावाच्या गावाजवळ कोळ्यांना एक मासा मिळाला. लांबी २.७ मीटर, वजन २९३ किलो. तीन क्विंटलला सातच किलो कमी. बाजार समितीच्या काट्यावर सोयाबीनची जवळजवळ सहा पोती. तो सोडून द्यावा, त्याचा पुढचा प्रवास पुरा होऊ द्यावा, म्हणून सरकारी अधिकारी आणि पर्यावरणवाले यांनी बोलणी केली, पण तोवर मासा मेला. मग गावाने तो वाटून खाल्ला. गोड्या पाण्यातला मोजमाप झालेला सगळ्यात वजनदार मासा हा मान पुढे सतरा वर्षं त्याच्याकडेच होता. जून २०२२ मध्ये कंबोडियात, याच मेकाँगमध्ये, ३०० किलोचा पाकट सापडला आणि विक्रम मोडला. त्या पाकटाला 'बोरामी', म्हणजे पूर्णचंद्र, असं नाव देऊन जिवंत सोडलं. दोन्ही विक्रम एकाच नदीतले, हे लक्षात राहू द्या. ही नदी अशी राक्षसी जनावरं पोसते, त्याला कारण आहे.

शाकाहारी पैलवान

मांजरमासा, म्हणजे कॅटफिश, म्हटलं की आपल्याकडच्या माणसाच्या डोळ्यांपुढे शिवडा येतो: मोठा जबडा, लांब मिशा, बारीक दातांच्या रांगा, आणि समोर येईल ते गिळायची तयारी. भीमेच्या किंवा गोदावरीच्या काठचे लोक शिवड्याच्या खादाडपणाच्या गोष्टी रंगवून सांगतात. त्यामुळे तीन क्विंटलचा मांजरमासा म्हणजे काहीतरी भयंकर शिकारी असणार, असंच आपण धरून चालतो. प्रत्यक्षात मोठा झालेला पला बुक शेवाळ खातो. नदीतल्या खडकांवर वाढलेलं तंतूसारखं शेवाळ तो ओरबाडतो, आणि त्यातच चिकटलेल्या अळ्या-किडे ओघाने पोटात जातात. बस, एवढंच.

दात नसतातच. १९३१ मध्ये पिएर शेवे या फ्रेंच शास्त्रज्ञाने या माशाचं वर्णन केलं, तेव्हा त्याने गोत्राच्या नावातच ही खूण घालून ठेवली: 'अनोडॉन' म्हणजे दंतहीन. बासाचे जातभाई ज्या कुळातले, त्यातला बिनदाताचा, असा अर्थ.

पण पिल्लांना दात असतात, मिशाही असतात, आणि ती चक्क मांसाहारी असतात. अंड्यातून निघाल्यावर पाण्यात तरंगणारे बारीक जीव खातात. ते कमी पडले तर एकमेकांना खातात. हॅचरीत हा प्रकार नेहमी दिसतो. साधारण वर्षभराचं झालं की पिल्लू शाकाहाराला लागतं. दात जातात. मिशा आखडत आखडत नावापुरत्या उरतात. आपल्याकडे पोरगा वयात आला की मिसरूड फुटतं. इथे मासा वयात आला की मिशा गळतात.

याला कारण साधं आहे. मांजरमाशाच्या मिशा शोभेच्या नसतात. गढूळ पाण्यात, चिखलात, रात्री भक्ष्य चाचपून शोधायला त्या असतात. त्यांच्यावर चव आणि स्पर्श ओळखणाऱ्या पेशी असतात. म्हणजे बोटं आणि जीभ एकत्र. खडकावरचं शेवाळ पळून जात नाही, लपत नाही. ते चाचपायला मिशा कशाला आणि धरायला दात कशाला? दोन्ही गेले. डोळेही खाली, तोंडाच्या कोपऱ्याच्या पातळीच्या आसपास असतात. त्यामुळे समोरून पाहिलं तर चेहरा काहीसा भोळसट, उतरलेला दिसतो.

आता मुद्दा असा, की शेवाळ खाऊन एवढं वजन येतं कसं? खरं तर प्रश्न उलटा विचारायला हवा: शेवाळ न खाता एवढं वजन कसं आलं असतं?

निसर्गात अन्न एका तोंडातून दुसऱ्या तोंडात जाताना फार गळती होते. शेवाळ खाऊन किडा वाढतो, पण खाल्लेल्यातला बराचसा भाग हालचालीत आणि श्वासात खर्च होतो. अंगाला लागतो तो ढोबळ मानाने दहावा हिस्सा. किडा लहान माशाने खाल्ला की पुन्हा तेच. लहान मासा मोठ्याने खाल्ला की पुन्हा. म्हणजे मोठ्या शिकारी माशाच्या अंगावर एक किलो मांस चढायला तीन पायऱ्या खाली हजारेक किलो शेवाळ लागलं. दलालांची साखळी जितकी लांब तितकं शेतकऱ्याच्या हाती कमी, हे आपल्याला वेगळं सांगायला नको. पला बुकने ही साखळीच काढून टाकली. तो थेट बांधावर जाऊन माल उचलतो. जमिनीवर हत्तीने हेच केलं. समुद्रात देवमाशांनी आणि बहिरीसारख्या (म्हणजे व्हेल शार्कसारख्या) माशांनी साखळीच्या तळाशी जाऊन तेच केलं. अंग फार वाढवायचं तर पंगतीत पहिल्या रांगेत बसावं लागतं.

आणि हा वाढतोही भराभर. सहा वर्षांत दीडशे ते दोनशे किलो. गोड्या पाण्यातल्या माशांत या वेगाने वाढणारे फारच थोडे. एवढं अन्न नुसत्या नदीच्या पात्रात मिळणं शक्य नाही. ते येतं कुठून हे कळायला थोडं खाली, कंबोडियात उतरावं लागेल.

उलटी वाहणारी नदी

कंबोडियाच्या मध्यावर टोनले साप नावाचा तलाव आहे. उन्हाळ्यात त्याचं क्षेत्र अडीच-तीन हजार चौरस किलोमीटर, म्हणजे गोव्यापेक्षा लहान. पावसाळ्याच्या शेवटी तोच तलाव पंधरा हजारांच्या आसपास जातो. चार गोवे बसतील एवढा. खोली मीटर-दीड मीटरवरून आठ-दहा मीटरवर जाते.

हे पाणी सगळं वरून पडलेलं नसतं. तलावातून टोनले साप याच नावाची एक नदी निघते आणि राजधानी नोम पेन्हपाशी मेकाँगला मिळते. उन्हाळ्यात ती तलावाकडून मेकाँगकडे वाहते, कुठलीही नदी वाहील तशी. पण जून-जुलैत मेकाँगला पूर येतो, तिची पातळी तलावापेक्षा वर चढते आणि ही नदी उलटी वाहू लागते. तीन-चार महिने मेकाँग आपलं पाणी तलावात कोंबत राहते. ऑक्टोबर-नोव्हेंबरात मेकाँग उतरली की नदी पुन्हा सुलट होते. खाडीकाठच्या माणसाला भरती-ओहोटी ठाऊक असते. ही तशीच, फक्त वर्षातून एकदा येणारी भरती समजा. पाणी परत फिरतं तेव्हा कंबोडियात 'बोन ओम टूक' नावाचा मोठा जलोत्सव होतो, होड्यांच्या शर्यती लागतात.

या भरतीत काठचं जंगल बुडतं. नुसतं ओलं होत नाही, झाडांच्या शेंड्यापर्यंत पाण्याखाली जातं. पालापाचोळा, फळं, किडे, कुजणारं गवत आणि मेकाँगने वरून आणलेला गाळ या सगळ्याचं खत होतं. त्या पाण्यात ऊन शिरलं की शेवाळ आणि सूक्ष्म वनस्पती तरारून येतात. पिल्लांना लपायला फांद्या, खायला ताट वाढलेलं. मेकाँगच्या खोऱ्यात हजाराच्या वर जातींचे मासे आहेत, त्यातल्या कितीतरी या बुडालेल्या जंगलात वाढतात. मेकाँगची राक्षसी जनावरं पोसणारं कोठार ते हे. पला बुकचं अंग या पुराने भरतं. पूर म्हटलं की आपल्याला सांगली-कोल्हापूर आठवतं आणि छातीत धस्स होतं. इथल्या माशांच्या दृष्टीने पूर हेच अन्न आहे, आणि पूर न येणं हा दुष्काळ.

चढणीचा मासा

कोकणात, ठाणे-रायगडच्या भागात, पहिला मोठा पाऊस पडला की नदी-खाडीतले मासे ओढ्यांतून, पऱ्ह्यांतून वर शेतांपर्यंत चढतात. त्याला कुणी वलगण म्हणतं, कुणी चढण. पोटात अंडी घेऊन मासा पाण्याच्या विरुद्ध निघतो, उथळ, ताज्या पाण्यात अंडी टाकतो, आणि पिल्लं पाण्याबरोबर खाली येतात. रात्री बत्ती आणि आकडी घेऊन बांधावर उभं राहिलेल्या कुणालाही हे चक्र पुस्तकाशिवाय कळतं. अंडी भरलेला मासा चढणीलाच मारला तर पुढच्या वर्षी चढण कमी होते, हेही जुन्या माणसांना कळतं. तरी मारतातच, ती गोष्ट वेगळी.

पला बुकची गोष्ट हीच आहे, फक्त ओढ्याऐवजी मेकाँग आणि बांधाऐवजी शेकडो किलोमीटर. तलावाचं पाणी उतरू लागलं की मोठे मासे टोनले साप नदीतून मेकाँगमध्ये येतात आणि उत्तरेकडे निघतात. कंबोडियाच्या क्रातिए आणि स्तुंग त्रेंग भागात मेकाँगच्या पात्रात खोल डोह आहेत, काही ठिकाणी सत्तर-ऐंशी मीटरपर्यंत खोल. पाणी कमी असतं त्या महिन्यांत अनेक मोठे मासे तिथे आसरा घेतात. आणखी वर, थायलंड-लाओस सीमेवर चियांग खोंगजवळ, एप्रिल-मे महिन्यांत अंडी भरलेले पला बुक मिळत आले आहेत. मादी लाखोंनी अंडी टाकते. अंडी-पिल्लांना पोहता येत नाही. प्रवाह त्यांना तरंगत ठेवतो आणि खालच्या पूरमैदानांत नेऊन सोडतो. ती तिथे पोचतात तेव्हा पाणी नुकतं पसरू लागलेलं असतं.

सगळी जादू या वेळापत्रकात आहे. वर चढायची वेळ, अंडी टाकायची वेळ, पिल्लं खाली पोचायची वेळ आणि जंगल बुडायची वेळ या चारही गोष्टी जुळाव्या लागतात. म्हणून मी या माशाला 'मेकाँगमध्ये राहणारा' म्हणतो तेव्हा थोडा अडखळतो. तो नदीत राहतोच, पण त्याहून जास्त नदीच्या चढउतारात राहतो.

हाट क्रायचे कोळी

माणूस आणि हा मासा यांचं नातं जुनं आहे. थायलंडमधल्या फा ताएम इथे मेकाँगकाठच्या कड्यावर सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीची चित्रं आहेत. हत्ती, हाताचे ठसे, मासे धरायचे पिंजरे, आणि त्यांच्याबरोबर पला बुक. पिंजऱ्याशेजारी मासा काढणारा चित्रकार नुसता हौशी नव्हता, एवढं नक्की.

चियांग खोंगला याची शिकार म्हणजे सणच. एप्रिलच्या मध्यापासून मेअखेरपर्यंतचा हंगाम. आधी नदीच्या देवतांची पूजा, मग होड्यांच्या पाळ्या. प्रवाहाबरोबर वाहत जाणारी लांबलचक जाळी सोडायची आणि थांबायचं. समोरच्या काठावर लाओसचे कोळीही तेच करायचे. मासा मिळाला की तुकडे लांबच्या शहरांतल्या हॉटेलांत जायचे. त्याचं मांस खाल्लं की आयुष्य वाढतं, भाग्य उजळतं, असा समज होता. त्यामुळे भाव चढा. आपल्याकडे घोळ माशाच्या भोताला, म्हणजे पोटातल्या हवेच्या पिशवीला, सोन्याचा भाव येतो तसंच काहीसं.

१९९० साली या भागात ६९ मासे मिळाले. तो कळस. नंतर आकडा घसरत गेला आणि २००१ ते २००३ या तीन हंगामांत एकही मासा आला नाही. २००३ मध्येच आंतरराष्ट्रीय निसर्ग संरक्षण संघाने त्याला 'अतिसंकटग्रस्त' यादीत टाकलं. त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर तर १९७५ पासूनच बंदी आहे. पण सीमेपल्याड नेऊन विकायला बंदी असली तरी आपल्या घाटावर खायला कोण अडवतो? २००६ मध्ये थायलंडचे राजे भूमिबोल यांच्या राज्यारोहणाला साठ वर्षं झाली, तेव्हा चियांग खोंगच्या साठहून जास्त कोळ्यांनी राजाच्या सन्मानार्थ ही शिकार सोडायची शपथ घेतली. कायद्याने जे झालं नव्हतं ते राजाच्या नावाने झालं. मला यात टिंगल करावंसं काही वाटत नाही. देवराई राखणारे आपले लोक वनखात्याच्या नियमाने नाही, देवाच्या धाकानेच झाड तोडत नव्हते.

पण दोष एकट्या हाट क्रायच्या जाळ्याला देता येत नाही, आणि इथे गोष्ट गुंतागुंतीची होते.

टोनले साप नदीत 'दाई' नावाची जाळी लावतात: पिशवीसारखी, शंभर मीटरहून लांब, पात्रात रांगेने ओळीने बांधलेली. तलावातून परतणारा माशांचा लोंढा त्यांत शिरतो. ती मुख्यतः 'त्रेय रिएल' या बोटाएवढ्या माशासाठी असतात. त्याचं आंबवून 'प्रहोक' करतात आणि गरीब घरांत वर्षभर भाताबरोबर तेच असतं. या जाळ्यात पला बुक कुणाला नको असतो, तो वाटेत येतो. २००० ते २०१५ या काळातल्या दाईच्या नोंदी अभ्यासकांनी तपासल्या तेव्हा एक फसवी गोष्ट दिसली. एकूण मासळीचं वजन फारसं उतरलं नव्हतं, पण तीन चतुर्थांशांहून जास्त जाती घटत होत्या. मोठे, उशिरा वयात येणारे मासे जात होते आणि त्यांची जागा बारके, पटकन विणारे मासे भरून काढत होते. वजनकाटा म्हणत होता सगळं ठीक आहे.

मोठा मासाच आधी का जातो, हेही यातच आहे. त्रेय रिएल वर्षभरात पिल्लं देऊन मोकळा होतो. यंदा मारला तरी पुढच्या पावसात भरून निघतो. पला बुकला वयात यायला वर्षं लागतात. तेवढ्या वर्षांत तो दरसाल या जाळ्यांच्या रांगांतून जातो आणि येतो. एखाद्या वर्षी चुकवेल, दोन वर्षं चुकवेल. शिवाय तो मुळातच थोडा. शंभर बारक्या माशांनी शंभर मासे कमी होतात, पण शंभर पला बुक मारले तर कदाचित एक पिढीच जाते.

भिंत

जाळी आज काढली तर उद्या नदी मोकळी होते. धरणाचं तसं नाही.

मेकाँगच्या वरच्या अंगाला, चीनमध्ये, मुख्य प्रवाहावर एकामागून एक मोठी धरणं झाली. खालच्या अंगाला लाओसचं सायाबुरी धरण २०१९ मध्ये सुरू झालं, १२८५ मेगावॉटचं. लाओस-कंबोडिया सीमेवर, जिथे मेकाँग खोने धबधब्यांत अनेक फाट्यांनी कोसळते, तिथे हू साहोंग नावाचा एक फाटा होता. इतर फाट्यांवर सरळ कडे. हा एक उताराचा. त्यामुळे कोरड्या महिन्यांत माशांना वर चढायची मुख्य वाट हीच होती. डोन साहोंग धरण नेमकं त्याच्यावर बांधलं.

धरणाला माशांसाठी जिना ठेवतात, सायाबुरीलाही ठेवला आहे. जिन्याने काही मासे चढतातही. पण खरी अडचण उतरण्याची आहे, आणि ही गोष्ट बातम्यांत क्वचित सांगतात. मोठा मासा कसाबसा वर गेला, त्याने अंडी टाकली. आता ती अंडी-पिल्लं प्रवाहात तरंगत खाली यायला हवीत. वाटेत धरणाचा जलाशय म्हणजे कित्येक किलोमीटर जवळजवळ थांबलेलं पाणी. प्रवाहच नाही तर तरंगणार कशावर? तळाला बसतात आणि गाळात मरतात. जी पुढे जातात ती टर्बाइनमधून. म्हणजे आईला जिना आहे आणि बाळाला विहीर.

दुसरा घाव वेळापत्रकावर बसतो. विजेसाठी धरण पावसाळ्यात पाणी अडवतं आणि उन्हाळ्यात सोडतं. पूर बुटका होतो, उन्हाळा ओला होतो. नदीला हे बरं वाटेल असं शहरी माणसाला वाटतं. पण टोनले सापची भरती ज्या उंच-सखलपणावर चालते तोच सपाट होतो. २०१९ आणि २०२० मध्ये पाऊसही ओढ देऊन गेला आणि नदी उलटी फिरायला फार उशीर झाला. जंगल कमी बुडालं, कमी दिवस बुडालं. गाळही वरच अडतो, त्यामुळे येणारं पाणी पूर्वीसारखं पोसणारं राहत नाही.

काही गोष्टी थांबल्याही. बोटी जाव्यात म्हणून चियांग खोंगच्या वरचे खडक सुरुंग लावून उडवायची एक जुनी योजना होती. त्याच खडकांवर शेवाळ वाढतं. स्थानिकांनी वीसेक वर्षं विरोध केला आणि फेब्रुवारी २०२० मध्ये थायलंडच्या मंत्रिमंडळाने ती रद्द केली. पुढच्याच महिन्यात कंबोडियाने आपल्या हद्दीत मुख्य मेकाँगवर दहा वर्षं धरण बांधणार नाही असं जाहीर केलं. दहा वर्षं म्हणजे २०३०. आकडा मुद्दाम लिहून ठेवतोय.

तळ्यात आहे, नदीत नाही

कुणीही विचारेल, मग हॅचरीत वाढवून नदीत का सोडत नाहीत? सोडतात. थायलंडच्या मत्स्यखात्याने १९८३ मध्ये नदीतून धरलेल्या नर-मादीपासून कृत्रिमरीत्या पिल्लं काढली. पुढे तळ्यात वाढलेल्या पिढीपासूनही पिल्लं मिळाली. आज थायलंडच्या जलाशयांत आणि तळ्यांत पला बुक भरपूर आहेत. पैसे देऊन गळाला लावायचे, फोटो काढायचा, परत सोडायचे, अशा तळ्यांवर परदेशी हौशी लोक रांग लावतात. शेततळेवाल्यांनी तर त्याचा आपल्या 'बासा'शी संकर करून 'बुक सयाम' नावाचा तिसराच मासा उभा केला आहे.

तरीही नदीतला पला बुक वाढला नाही. तळ्यातले मासे थोड्याच आई-बापांपासून आलेले, म्हणून रक्त फार जवळचं. संकर चुकून नदीत गेला तर मूळ जातच पातळ व्हायची भीती. आणि शुद्ध पिल्लू सोडलं तरी ते वाढून चढायला निघेल तेव्हा वाट कुठे आहे? तळ्याला कंपाउंड असतं, चढण नसते.

इथे बासाचं ताट पुन्हा पुढे येतं. ज्याला आपण बासा म्हणतो तो बहुतेक वेळा पट्टेवाला पंगस असतो. खरा बासा आणखी वेगळा, पण व्यापाराने नाव उचललं आणि चिकटवलं. हा पंगस १९९५-९६ च्या सुमाराला थायलंडहून बांगलादेशमार्गे पश्चिम बंगालमध्ये आला. पुढे आंध्र प्रदेशातल्या तळ्यांनी त्याला उचललं, आणि महाराष्ट्रातल्या जलाशयांत पिंजरे टाकून मासे वाढवणारेही मुख्यतः हाच मासा घेतात. कमी प्राणवायूच्या पाण्यात तगतो, काहीही खातो, सात-आठ महिन्यांत विकायला तयार. व्हिएतनाममध्ये मेकाँगच्या त्रिभुज प्रदेशात दरसाल दहा लाख टनांवर पिकतो. आणि मेकाँगमधला मूळचा, रानातला पट्टेवाला पंगस? तोसुद्धा २०११ पासून 'संकटग्रस्त' यादीत आहे. जगभरच्या फ्रीझरमध्ये जो मावत नाही, तो स्वतःच्या नदीत कमी पडतोय. पिंजऱ्यातल्या माशांचा आकडा दाखवून जातीचं बरं चाललंय असं म्हणणं म्हणजे पोल्ट्रीतल्या कोंबड्या मोजून रानकोंबड्याचा हिशेब लावणं.

खुणेची चिठ्ठी

कंबोडियात २००० पासून एक काम चालू आहे. अमेरिकी जीवशास्त्रज्ञ झेब होगन आणि तिथलं मत्स्यखातं यांनी दाईच्या कोळ्यांशी व्यवहार ठरवला: पला बुक अडकला तर मारायचा नाही, आम्हाला कळवायचं, भरपाई घ्यायची. मासा पाण्यातच ठेवून मापं घेतात, पाठीच्या पंखाजवळ क्रमांकाची खूण अडकवतात आणि सोडतात. पुढे तो कुठेही सापडला तर क्रमांकावरून त्याचा प्रवास कळतो. प्रचार वगैरे नंतर, आधी रोख पैसे. कोळ्याच्या घरची चूल त्या दिवशीच्या मासळीवर असते.

मधली कित्येक वर्षं हाती काही फारसं लागलं नाही. संख्या पूर्वीच्या पाचव्या हिश्श्यावर आली असावी असा अंदाज आहे. मग डिसेंबर २०२४ मध्ये पाच दिवसांत सहा पला बुक मिळाले, सगळे जिवंत. त्यातले दोन दोन मीटरहून लांब, एक १२० किलोचा आणि एक १३१ किलोचा. सहाच्या सहा खूण लावून सोडले.

तेव्हा नदी सुलट झाली होती, तलाव रिकामा होत होता. कोळ्यांनी कमरेएवढ्या पाण्यात उतरून मासा दोन्ही हातांनी धरून ठेवला, त्याचा दम परत येईपर्यंत. मग त्याने शेपटी हलवली आणि तो मेकाँगकडे गेला. तिथून उत्तरेला वळायचं, क्रातिएच्या डोहांच्या दिशेने.